मेटलच्या गर्दीत तंटामुक्ती

गेल्या वर्षी लवळ्याच्या एका कॉलेजात मेटल बँडचा, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांचा, कार्यक्रम होता. मारुंजीहून आम्ही तिघं मित्र एकाच बाईकवर गेलो. काळे टी-शर्ट माझ्या भाडेकरूंकडून मागून आणले होते, कारण आमच्या पांढऱ्या शर्टांत आम्ही जागेचे एजंट दिसतो.

तिघांतला एक गावच्या तंटामुक्ती समितीत आहे. बांधाची भांडणं मिटवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. गाणं सुरू झालं, तशी पुढची पोरं गोल करून एकमेकांना धडका मारायला लागली. या नाचाची तीच रीत असते, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. त्याला सांगायला हवं होतं. पण त्याने टी-शर्टच्या अर्ध्या बाह्याही सरसावलेल्या मी पाहिल्या आणि मुद्दाम गप्प बसलो.

"आरं, मारामारी चाललीया आन् समदी बघत काय बसलीत?" म्हणत तो आत घुसला. लांब केसांच्या दोघांना मानगुटीला धरून त्याने एकमेकांपासून बाजूला केलं आणि त्या गोंगाटात हात जोडून समजावू लागला. त्यांना काय ऐकू येणार? दोघांनी त्याला कडकडून मिठी मारली, मग एकमेकांनाही मारली. तो घामाघूम होऊन परत आला. म्हणाला, "मिटलं."

आम्ही अजून त्याला खरं सांगितलेलं नाही.

परवा तो आपणहून म्हणाला, "औंदा बी जाऊ. ती पोरं परत भांडत्यात का, बघाया पायजे."

या खेपेला काळा टी-शर्ट त्याने स्वतःचा घेतलाय.