बॅटरीच्या झुकझुकगाडीची घंटा

मंडळी, आजच घडलंय ते लिहितोय.

आमच्या यात्रेत दरवर्षी पोरांसाठी डिझेलची झुकझुकगाडी यायची. धूर आन् धडधड नको म्हणून यंदा आम्ही कमिटीवाल्यांनी शिरूरहून बॅटरीची आणली. तिला इंजिनाचा आवाजच न्हाई, फक्त घंटा.

आज दुपारी काल्याचं कीर्तन चालू होतं. माझे चुलते, आबा, रूळ ओलांडत होते. मागून गाडी आली ती त्यांना कळलीच न्हाई. पाय चाकाखाली चिरडला. रक्ताचं थारोळं झालं.

लोकांनी गाडीवाल्याला खाली ओढला. लाथा, चपला, एकानं तर मंडपाचा बांबू उपसला. पहिली कानफटात मात्र मीच मारली. "घंटा का न्हाई वाजवली रं?"

त्याचं तोंड रक्तानं भरलं होतं. म्हणाला, "दादा, कीर्तन चालू हाय, घंटा बंद ठेव, असं तुम्हीच सांगितलं व्हतं ना?"

त्या गोंधळात ते मला एकट्यालाच ऐकू आलं. पुढची बुक्की मी त्याच्या तोंडावरच घातली.

आबा दौंडच्या दवाखान्यात शुद्धीवर आले. पहिलंच विचारलं, "त्या गाडीवाल्याला सोडला न्हाई ना?"

मी 'न्हाई' म्हणून मान हलवली. तुम्ही काय सांगितलं असतं?