न सांगता दार उघडणारे भगवानराव

चिखलीच्या भगवानरावांची सगळी नोकरी वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात गेली. दार न सांगता उघडायचं, हा त्यांचा एकमेव मंत्र. निवृत्तीनंतर पथक सुटलं, भरारी राहिली. घरातला फ्रीजही ते धाडकन उघडतात. दार बंद असताना आतला दिवा विझलेला असतो, यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

सून रेवती नांदुऱ्याची. दिवाळीत तिच्या माहेरून मायक्रोवेव्ह आला आणि संक्रांतीआधीच त्याच्या आतला फ्यूज उडाला. मेकॅनिक गोकुळनं नवा टाकला. तोही उडाला.

पहिला संशय शेजारच्या शंकररावांवर. भगवानरावांनी गच्चीवर चढून वायर पाहिली. कुठेही आकडा नव्हता, त्यामुळे संशय वाढला. मग पाळी गोकुळची: "हा मुद्दाम कच्चा फ्यूज टाकते." शेवटी गाडी नांदुऱ्याकडे वळली.

"पेटी नवी हाय, माल जुना हाय," ते पत्नीला, पद्मजाबाईंना, सुनेला नीट ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. "सोमवारी जीपमधी टाकून परत पाठवतो."

रेवतीचं लाटणं थांबलं. "पाठवा न, बाबा. पण तो एकटा नाही जाणार, मी बी जाईन. माह्या बापानं जुना माल देल्ला म्हणता, मंग म्या इथं कोणत्या तोंडानं राहू?"

"सोमवारच्या आधी चोर तं धरा," पद्मजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

रविवारी गोकुळला बोलावून सर्वांसमक्ष तपासणी ठरली. नवा फ्यूज बसला. रेवतीनं वरणाची वाटी आत ठेवून बटण दाबलं. वाटी गोल फिरू लागली. भगवानरावांना हे फिरणं बरं वाटलं नाही. वरण तापतंय, की नुसतं फिरून दाखवतंय? त्यांनी पुढे होऊन धाडकन दार ओढलं.

फट्!

"काका," गोकुळनं विचारलं, "बंद न करता रोज असंच उघडता काय?"

"सांगून उघडलं तं काय सापडते बे?"

"चालू असताना दार उघडलं का आतलं बटण आधी वीज तोडते. तुमच्या झटक्यानं ते सैल झालं. आता त्याले उशीर होते, अन् तुम्हाले वाचवाले फ्यूज जाते."

"घ्या!" पद्मजाबाई म्हणाल्या. "सापडला चोर. रंगेहाथ!"

भगवानरावांनी दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला. मग सुनेकडे न पाहता नांदुऱ्याला फोन लावला. "व्याही, ओव्हन एकदम नवा हाय. म्या सोता तपासला."

तुम्हाले तपासाची गरज काऊन पडली, असं व्याह्यांनी विचारण्याआधीच त्यांनी फोन ठेवला. रेवतीनं लाटणं उचललं.

गोकुळनं बटण बदललं. आता भगवानराव ओव्हनसमोर उभे राहून विचारतात, "उघडू काय?" रेवती स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकावरून म्हणते, "थांबा, बाबा." गरजेपेक्षा जास्त वेळ थांबवते, असा त्यांना संशय आहे. या वेळी तो खरा आहे.