अण्णांच्या बाजूची वाळू

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांकडे किस्से मागावे लागत नाहीत. टाकीच्या तळाशी गाळ साठतो तसे ते आपोआप साठतात. त्यातून हे बेंगळुरू! समुद्र फक्त सुट्टीत बघायचा. अशा गावात पिंपात मीठ ढवळून घरच्या घरी समुद्र बनवणारी माणसं मुळातच स्वल्प, म्हणजे इथल्या भाषेत जराशी, सटकलेली असतात.

आमचं मंडळ अगदी छोटं. अण्णा, त्यांची बायको म्हणजे आमच्या अक्का, बेळगावकडचा सदानंद, आणि पुण्याहून नोकरीसाठी येऊन बेळ्ळंदूरला अडकलेली मी, मेधा. पाचवा मेंबर चाळणराव. तो मासा होता, पण हजेरी त्याचीच सगळ्यात पक्की!

आधी हसायचे किस्से सांगते. पुढचे सांगताना मला अजून हसू येत नाही.

*

आमच्यात एक पद्धत आहे. कोणी नवी टाकी लावली की जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू त्यात घालायची. त्या वाळूत बारीक जीव असतात, ते पाणी सांभाळतात. विरजणाशिवाय दही लागत नाही, तशी वाळूशिवाय टाकी लागत नाही. आमच्या सगळ्यांच्या टाक्यांना विरजण अण्णांचं.

मी पहिल्यांदा ती वाळू स्टीलच्या डब्यात घेऊन, वर फडकं बांधून, मांडीवर सांभाळत ऑटोनं आले. सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, “मॅडम, डब्बे में क्या है?” मी फडकं सोडून दाखवलं. पांढरी, ओली, खारट वासाची वाळू. त्यानं टोपीच काढली!

“किसकी अस्थि है, मॅडम?”

अहो, माशांची वाळू आहे म्हणेपर्यंत त्यानं हात जोडून, मागच्या गाड्या अडवून मला वाट करून दिली होती. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये मला मिळालेला तेवढाच मान!

हा किस्सा ऐकून अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “बरोबरच ओळखलं की त्यानं,” ते म्हणाले. “माझंच काहीतरी घेऊन गेलीस तू.”

*

अण्णांचं घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच. घर इथल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत. तिथल्याच बाजारातून त्यांनी चाळणराव आणला. बोटभर लांबीचा, पांढऱ्या अंगाचा, पिवळ्या डोक्याचा, गालावर निळी रेघ. दिवसभर त्याचा एकच उद्योग. तोंडभर वाळू उचलायची, त्यातले जीव गिळायचे आणि वाळू कल्ल्यांतून खाली सोडायची. दळणाआधी बाई धान्य चाळते तसा तो टाकी चाळायचा.

पण नुसत्या वाळूवर त्याचं भागत नसे. संध्याकाळी अण्णा टाकीच्या डाव्या बाजूला आपल्या स्टुलावर बसून नळीनं त्याला वाटलेली कोळंबी भरवायचे. तो घाई करायचा, नळीच चावायचा. अण्णा म्हणायचे, “स्वल्प थांब रे!”

आता गंमत ऐका. अण्णा स्कूटरवरून घरी यायचे, तर स्कूटरचा आवाज गल्लीत यायच्या आधीच चाळणराव डाव्या काचेशी येऊन उभा! अक्का त्याला बघून कॉफी ठेवायच्या. सदानंद म्हणाला, वेळेची सवय असेल. म्हणून एका रविवारी आम्ही अण्णांना भलत्याच वेळी, स्कूटर न घेता, मागच्या वाटेनं चालत यायला लावलं आणि टाकीसमोर बसून राहिलो.

चाळणराव वाळूत मजेत होता. मग अचानक थांबला. डाव्या काचेशी गेला.

थोड्या वेळानं मागचं दार वाजलं. सदानंदचं तोंड उघडंच राहिलं. अक्का आतून म्हणाल्या, “परीक्षा कसली घेता त्याची? कॉफी घ्या, गार होते!”

*

सदानंदनं अण्णांना वाढदिवसाला प्रवाळाचा एक तुकडा दिला. हिरवागार, टवटवीत. दुसऱ्या दिवशी गेलो तर प्रवाळ गायब आणि त्या जागी वाळूचा छान निमुळता ढीग.

“अण्णा, हा समाधी बांधलाय की ओ!” सदानंद ओरडला.

वाळू झटकली, प्रवाळ ठणठणीत. चाळणरावानं पुन्हा ढीग घातला. पुन्हा झटकली, पुन्हा घातला. मग आठवडाभरात ते प्रवाळ आपोआप विरघळून गेलं.

वाळूखाली कोंडून मेलं असेल, असं आम्ही ठरवलं. पण पुढे त्यानं एका गोगलगाईच्या शेजारी ढीग रचला. अंगावर नाही, नुसता शेजारी. गोगलगाय चांगली काचेवर फिरत होती. तीही गेली. मग एक झिंगा. मी अण्णांना म्हटलं, “हा मारतोय सगळ्यांना. काढा याला.”

अण्णा म्हणाले, “तो मारत नाही गं. त्याला आधी कळतं.”

ते हे हसत म्हणाले नव्हते.

*

नंतर चाळणरावानं डाव्या काचेला टेकून ढीग घालायला घेतला. तिथे प्रवाळ नव्हतं, गोगलगाय नव्हती. काचेच्या पलीकडे फक्त अण्णांचं स्टूल.

आम्ही काय केलं असेल? थट्टा! सदानंद म्हणाला, “अण्णा, यंदा तुमचा नंबर!” आणि अण्णा आम्हा दोघांपेक्षा मोठ्यानं हसले.

ते गेले तेव्हा ढीग काचेच्या निम्म्यापर्यंत आला होता. सकाळी पेपर वाचता वाचता गेले. त्या दिवशी घरात माणसं दाटली होती, तरी त्या स्टुलावर कोणी बसलं नाही. मला रडू फुटलं ते तो ढीग बघून.

*

तेराव्याला पाहुणे येणार म्हणून सदानंदनं प्रेमानं एक घोळ घातला. टाकी कळकट दिसते म्हणून त्यानं सगळी वाळू बाहेर काढून नळाखाली खळखळून धुतली. ढीग मोडला, आणि वाळूतले जीवही मेले! चाळणराव खंगत चालला. आता अण्णा नाहीत, नळीजवळ तो येईना. पोट पाठीला लागलं.

अक्कांनी तेव्हा आमच्यापुढे हात जोडले. “हा तेवढा वाचवा रे. यांच्या हातचं तेवढंच उरलंय.”

मग आम्ही उलटा प्रकार केला. विरजण परत नेलं. सदानंदच्या टाकीतली वाळू, माझ्या टाकीतली वाळू, अण्णांनीच कधीतरी मुठीनं दिलेली, ती पुन्हा त्यांच्या टाकीत घातली. चाळणरावानं एक घास घेतला. थांबला. आणि सरळ डाव्या काचेशी जाऊन उभा राहिला.

अक्का उठल्या आणि कॉफी ठेवली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

*

मासा सावरला. आम्ही खूश होतो. तोवर त्यानं नवा ढीग सुरू केला.

उजव्या काचेला. पलीकडे अक्कांची वेताची खुर्ची.

सदानंद ऑफिसातून जाता जाता माशाला भरवायला यायचा. तो गुपचूप काडीनं ढीग मोडायचा. दुसऱ्या दिवशी ढीग जागेवर! शेवटी अक्काच म्हणाल्या, “कशाला मोडतोस रे? मला काय दिसत नाही? बोलावणं आलंय माझं.”

आणि त्या तयारीला लागल्या. दुखऱ्या खांद्याचं औषध सोडलं, बीपीचं सोडलं. चिकपेटहून आणलेल्या, घडीही न मोडलेल्या साड्या एकेक करून वाटून टाकल्या. मला मोरपंखी दिली. म्हटलं, “अक्का, तुम्ही काय नेसणार?” तर म्हणाल्या, “मला आता किती लागणार?”

मला माशाची भीती नव्हती. अक्कांनी त्याचं ऐकलं, याची भीती वाटत होती.

शेवटी ठरवलं, चाळणरावाला सदानंदकडे हलवायचं. अक्का नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “त्याच्याबरोबर मूठभर वाळू न्या हं. नव्या घरी लागेल त्याला.”

*

शनिवारी सदानंदनं दगड उपसून चाळणरावाला पकडून पिशवीत घातलं. वाळू सपाट केली. मासाच नाही तर पंप कशाला म्हणून पंपही बंद केला. पाणी निपचित झालं. आम्ही तिघं एकदमच बाहेर पडलो. दाराला कुलूप मी लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

अक्का दोन दिवस माझ्याकडे राहिल्या. जेवल्या बेताचंच. बाल्कनीतून रिंग रोडवरच्या गाड्या बघत बसायच्या. मी म्हटलं, “अक्का, चिकपेटला जाऊ या. तुम्हाला एक छानशी साडी घेऊ.” त्या गाड्याच बघत राहिल्या. औषध पुढे केलं, तेही घेतलं नाही.

सोमवारी दुपारी मी आणि सदानंद त्यांना सोडायला गेलो. कुलूप मीच उघडलं. सदानंद त्यांची पिशवी घेऊन पुढे गेला आणि टाकीसमोर थबकला.

“पंप तर बंदच हाय की ओ,” तो पुटपुटला.

उजवी बाजू सपाट होती. डाव्या काचेशी, अण्णांच्या स्टुलाच्या बाजूला, ढीग उभा होता. टाकीत मासा नाही, पाणी हलत नाही, आणि ढिगाच्या टोकावरून वाळूचे कण अजून खाली घरंगळत होते.

सदानंदच्या हातातून पिशवी सुटली.

अक्का मात्र शांतपणे पुढे झाल्या. आपली खुर्ची ओढत ओढत डाव्या बाजूला, स्टुलाच्या शेजारी आणली. बसल्या. दुखरा हात कसाबसा वर करून काचेवर ठेवला. मग, अण्णा भरवताना म्हणायचे त्याच सुरात, हलकेच म्हणाल्या,

“स्वल्प थांबा हं. मेधाबरोबर चिकपेटला जाऊन येते.”