अक्काच्या पाट्यांसाठी मोटर

माझी मोठी बहीण धरणगावला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. दारावर लावायच्या लाकडी पाट्या कोरणं हे तिचं काम. सासऱ्यांकडून ती शिकली आणि ते गेल्यावर गिऱ्हाईकं तिच्याकडेच येत राहिली. मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं. उजव्या हातात पटाशी धरण्याएवढं बळ मात्र आलं नाही. डाव्या हाताने ती कागदावर अक्षरं काढायला शिकली. ती कोरायची कशी, तिथे गाडी अडली.

मी जळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कागदावरचं अक्षर लाकडात उतरवणारं छोटं सीएनसी मशीन घरी बांधता येतं, एवढं मला ठाऊक होतं. सागवान कोरायचंय म्हणून दणकट स्टेपर मोटरी, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरी, आणल्या. त्यांना चालवणारे ड्राइव्ह मात्र छोट्या थ्रीडी प्रिंटरमधून काढलेले होते, आणि वीज द्यायला जुन्या कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा सप्लाय. सगळं घरात पडलेलं होतं, म्हणून लावलं.

अक्काच्या पडवीत मशीन ठेवलं. हळू चालवलं की अक्षर उमटायचं, पण गरगर फिरणारा कटर एकाच जागी घासत राहायचा आणि लाकूड करपायचं. वेग वाढवला की मोटर कण्हायची, अडायची, तिची पावलं चुकायची, आणि पुढची सगळी अक्षरं बाजूला सरकायची.

अक्काने पाटीच्या करपलेल्या कडांवरून बोट फिरवलं. "कडा बठ्ठी काळी व्हयी गयी, भाऊ," ती म्हणाली. पाटी बाजूला ठेवून म्हणाली, "राहू दे आता."

तिने यापूर्वी कुठल्याच कामाला राहू दे म्हटलेलं मला आठवत नाही. परतीच्या बसमध्ये मला तेच ऐकू येत होतं.

जळगावला आल्यावर मी मोटरीची माहिती पहिल्यांदा नीट वाचली. तिला तीन अँपिअर करंट हवा होता. माझे ड्राइव्ह त्याच्या निम्म्यावरच तापून बंद पडत. म्हणजे मोटरीची ताकद कागदावरच राहिली होती. दुसरी गोष्ट वेगाची. मोटर जोरात फिरते तेव्हा तिच्या कॉइलमध्ये करंट भरायला फार थोडा वेळ मिळतो, आणि बारा व्होल्ट तेवढ्या वेळात तो भरू शकत नाहीत. मी मोठे ड्राइव्ह घेतले आणि छत्तीस व्होल्टचा सप्लाय. ड्राइव्ह पन्नासपर्यंत सोसणारा होता, पण मोटर एकदम थांबते तेव्हा तीच उलटी वीज ढकलते, म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवली.

ते सगळं मशीनला लावायला मी पुन्हा धरणगावला गेलो, तेव्हा अक्का शेजारी खुर्ची घेऊन बसली. चष्मा लावून तिने मोटरीवरचं लेबल वाचलं.

"हाई मोटरवर तीन व्होल्ट लिखेल शे. तू छत्तीस दी ऱ्हायना?"

"ते थांबलेल्या मोटरीचं आहे, अक्का. करंट तीन अँपिअरच्या वर गेला की ड्राइव्ह अडवतो. तो आकडा मी ड्राइव्हवरच्या या बारक्या बटणांनी लावलाय."

"आनि जळनी तं?"

"गरम होईल. जळायची नाही."

तिने मान हलवली, पण खुर्ची थोडी मागे घेतली.

वेग वाढवला. मोटर कण्हली नाही. लाकडाचा भुसा न करपता पिवळा उडत राहिला. अक्काने तिच्या नातीचं नाव काढून दिलं होतं. ते शेवटच्या अक्षरापर्यंत सरळ आलं. तिने भुसा पदराने पुसला आणि पाटी मांडीवर घेऊन एकेक अक्षर तपासलं. मग म्हणाली, "कोपरे गोल शेत."

खरंच होते. गोल कटर आतल्या कोपऱ्यात टोक काढू शकत नाही. मी ते सांगायच्या आधीच तिने पाटी शिकंज्यात अडकवायला लावली, डाव्या हातात बारकी पटाशी घेतली आणि एकेक कोपरा सावकाश काढला. दोन ठिकाणी पटाशी निसटली. तिने ते पॉलिश पेपरने घासून झाकलं.

आता मशीन तीच लावते. गेल्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा तिने उचलला आणि म्हणाली, "नंतर बोल, कटर चालू शे." फोन ठेवून दिला.