कुमुदजवळ कोण बसणार

मुलांनो, कुमुदआजी गेल्या, एवढंच बाबाने तुम्हांला फोनवर सांगितलं. मला ते अपुरं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

ठाकुर्लीच्या आपल्या इमारतीत आता घरटी एखाददुसरं म्हातारं माणूस उरलं आहे. इस्पितळात नेलं की पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण?’ खाटा भरलेल्या, नर्स थोड्या. औषध आणायला, भांडं द्यायला घरचं माणूस लागतंच. आमच्यापैकी कुणालाही दाखल केलं की थर्मास घेऊन कुमुद निघायची. तळमजल्यावरच्या पाटलांच्या वेळी तिने बेधडक ‘बहीण’ म्हणून सांगितलं.

“सख्खी?” सिस्टरने विचारलं.

“एका टाकीचं पाणी पितो,” कुमुद म्हणाली. पाटील ऑक्सिजनच्या मास्कमागे हसले...

यंदा थंडीत ती स्वतःच न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. डोंबिवलीत खाट मिळेना, म्हणून ठाण्याला नेलं. पाटील डायलिसिसवर, वरच्या जोशीबाईंना धड दिसत नाही, उरले मी. तिचा मुलगा श्रीधर परदेशातून निघाला होता. कुमुदने माझा हात धरून एकच मागितलं, “तो येईपर्यंत मला एकटीला टाकू नकोस गं.”

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कफ भरला. एक्स-रेला न्यायचं, तर वॉर्डबॉय दुसऱ्या मजल्यावर अडकलेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान, वयाने माझ्याहून मोठे, पुढे झाले. आम्ही दोघांनी स्ट्रेचर उतारावरून नेलं.

“हळू,” कुमुद धापा टाकत म्हणाली, “सरळ वैकुंठाला पोचवाल.”

परत आलो आणि माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. तरुण डॉक्टरने माझं ब्लडप्रेशर पाहिलं. “आजी, पेशंट नक्की कोण? बाहेरच्या बाकावर अर्धा तास पडून राहा.”

“ती एकटी आहे,” मी म्हटलं.

“इथे सगळेच एकटे आहेत, आजी.” तो रागाने बोलला नाही. फार थकलेला होता. तेवढ्यात त्याला दुसरीकडून हाक आली.

त्या अर्ध्या तासात कुमुद गेली. जवळ कुणी नव्हतं.

संध्याकाळी तिचा चष्मा राहिला म्हणून मी वॉर्डात परत गेले, तर त्या खाटेवर नवी चादर होती आणि दुसऱ्या आजीबाई होत्या. त्यांच्यासोबतही कुणी दिसेना. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

“माझ्याकडच्या का तुम्ही?”

मी स्टूल पुढे ओढलं आणि बसले.