गोदूबाईचा शेवटचा डोंगरफेरा

मुरुडच्या कोळीवाड्यात आधी गोदूबाईचा आवाज यायचा आणि मागून गोदूबाई. वैशाखात मात्र आठवडाभर वाडा गप्प व्हायचा, कारण ती सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन डोंगरफेऱ्याला गेलेली असायची. "कानांना जरा सुट्टी मिळाली," म्हणणारे होड्यांवरचे तांडेलच तिसऱ्या दिवशी विचारायचे, "आली का गो ती?"

तो फेरा आता कुणाला सांगून पटायचा नाही. गावामागच्या घाटीनं चढायचं, नबाबाच्या शिकारीचं रान तुडवायचं, खिंड ओलांडून पलीकडच्या ठाकरवाड्यांत बोंबील-जवळा देऊन नाचणी आणि मध घ्यायचा, मग डोंगराच्या धारेनं चालत नांदगावला समुद्राशी उतरायचं. चार-पाच रात्री रानातच. पुढे संस्थान गेलं, नबाबाचे शिकारी गेले, चढ मात्र होता तेवढाच राहिला.

सासूनं, येसूबाईनं, पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "चढल्या वाटेनं उतरायचं न्हाय. पल्याडची मानसं पावसाच्या बेगमीला आपली वाट बघतात." त्याच फेऱ्यात नवी नवरी गोदू खिंडीत मटकन बसून रडायला लागली. तेव्हा तिच्याच वयाची एक ठाकरीण पाण्याचा भोपळा घेऊन समोर उभी राहिली. "रडून चढ कमी होतो व्हय?" ती कोकिळा. त्या घोटभर पाण्यानं दोघींची जन्माची गाठ पडली. दरसाल गोदूबाई बोंबलांची एक लहान पाटी तिच्याकडे ठेवायची आणि गेल्या सालची पाटी नाचणीनं भरून आणायची. पाटी रिकामी परत करायची नाही, हा दोघींचा नेम.

"एकदा दर्या बघाया ये की," गोदूबाई म्हणायची.

"कशाला? तू येऊन गेलीस की पंधरा दिस दर्याचा वास घर सोडत न्हाय!"

साठ सालाच्या आगेमागे एस.टी. सुरू झाली, ठाकरं रोह्याच्या बाजारात जाऊ लागली आणि कोळणींनी फेरा सोडला. एकटी गोदूबाई हटेना. तिचा मुलगा दादू वैतागून म्हणाला, "आये, गुडघे बघ तुझे! आता कोन जातंय तिकडं?"

"कोकिळेच्या लेकीला, मैनाला, दिवस गेलेत. सुक्या बोंबलावर मन गेलंय पोरीचं. निरोप आलाय, मी कबूल केलंय." गोदूबाईनं कबूल केलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती खिंडीपर्यंत पोचली आणि उजव्या गुडघ्यानं दगा दिला. पुढे उतार, पाय टेकवेना. मागची वाट सवयीची होती. बसत, सरकत घरी जाता आलं असतं. पण मैना वाट बघत होती. गोदूबाईनं गुडघ्याला दोन कोळी शिव्या हासडल्या. गुडघा कोकणातलाच, ऐकेल कशाला?

भर दुपारी पान हलत नव्हतं. ती सावलीला थांबून राहिली. दुपार कलली की दर्याचा वारा डोंगराकडे सुटतो, हे कोळणीला शिकवावं लागत नाही. मानेला गार झुळूक लागली तशी तिनं उघड्या कातळावर तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि बोंबील भाजायला घेतले. एकेक बोंबील विस्तवावर ठेवताना जीव तुटत होता, कारण ते मैनाचे होते. वास मात्र वाऱ्यावर बसून पलीकडे उतरला.

बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "कोन गं माझ्या लेकीचे बोंबील जाळतंय?"

गोदूबाई पहिल्या वर्षीसारखीच रडली. या वेळी कोकिळेनं तिला रडू दिलं, मग हाताला धरून खाली वाडीवर नेलं.

त्या रात्री मैनानं नाचणीच्या भाकरीबरोबर बोंबील खाल्ले, अगदी बोटं चाटून. गुडघ्याची सूज उतरल्यावर कोकिळेनं नाचणीची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, गोदूबाईला हाताचा आधार दिला आणि धारेनं पार नांदगावपर्यंत उतरली. समुद्राची ओंजळ तिनं तोंडाला लावली आणि थू थू करून थुंकली. मग म्हणाली, "एवढं पानी, आनि प्याया एक घोट न्हाय?"

पुढच्या वैशाखात गोदूबाईला उंबरा ओलांडणंही जड झालं. कोकिळेला द्यायची बोंबलांची पाटी घरात पडून होती, ती कशी पोचवायची याचा तिला घोर लागला. दुपार कलली की ती अंगणात चूल मांडून डोंगराकडे तोंड करून बोंबील भाजायची.

दादू हसायचा. "आये, हितनं खिंडीपल्याड वास जातोय व्हय?"

"वाऱ्याचं काम वारा करंल. तू तुजं जाळं बघ."

आठवडाभर हे चाललं. मग एका दुपारी कुंपणाशी कोकिळा येऊन उभी राहिली, डोक्यावर नाचणीची पाटी, काखेत मैनाचं गुटगुटीत पोर.

"कशी गं आलीस?" गोदूबाईनं विचारलं.

कोकिळेनं पाटी उतरवली, पोर तिच्या मांडीवर दिलं आणि घाम पुसत म्हणाली, "वास आला, म्हनून आले."

दादूनं नाचणीची पाटी उचलून घरात नेली. गोदूबाईनं चुलीवरचा बोंबील तेवढा परतला.