काळी काच लावणार नाही

काळी काच मी लावणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, उभं राहून. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, ठराव झालाय. सगळ्यांनी खिडक्या बदलायच्या आणि सगळ्यांना एकच काळी काच. बिल्डिंग बघा कशी उठून दिसेल!" मी म्हटलं, "आणि माझ्या घरातल्या माणसाला काय दिसेल?" शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझी ओढणी ओढली. मी ती सोडवून घेतली आणि उभीच राहिले.

तो घरातला माणूस म्हणजे माझे सासरे. वटारला, आपल्या गावी, त्यांनी जन्मभर केळी आणि विड्याच्या पानवेली केल्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, गावच्या घराच्या पायऱ्या चढणं संपलं, म्हणून आम्ही त्यांना विरारच्या बोळिंज भागात आमच्या घरी आणलं, सातव्या मजल्यावर. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून त्यांना लांबवर वटारकडची माडांची रांग दिसली. तिथेच खुर्ची ठेवून घेतली आणि मग ताट मागितलं. तेव्हापासून ती खुर्ची हलली नाही.

पण ते पश्चिमेचं ऊन! दुपारी दोननंतर त्या हॉलमध्ये पापड भाजून निघावेत. जुनी काच एकेरी, त्यात सरकत्या फ्रेमच्या फटींतून गरम वारा आत. मे महिन्यात बाबांना खुर्चीतच घेरी आली. डॉक्टर म्हणाले, दुपारी यांना इथे बसवू नका. नवऱ्याने लगेच निकाल देऊन टाकला, एक तर काळी काच, नाहीतर बाबा मागच्या खोलीत. मागच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते. समोर पाइप आणि कबुतरं. बाबांनी खुर्चीवरची आपली उशी उचलून काखेत घेतली, आणि मला त्याचंच जास्त रडू आलं.

सोसायटीने ठरवलेला काचवाला नमुना घेऊन आला. "मॅडम, काळी काच म्हणजे एकदम थंड."

"काळा चष्मा घातला की डोकं थंड राहतं का हो?" मी विचारलं.

तो हसला आणि त्याने नमुना बाबांसमोर धरला. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. ते काचेतून जरा वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संध्याकाळ झाली का गं?"

दुपारचे तीन वाजले होते. मी काचवाल्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

उजेड हवा, उष्णता नको. एवढंच मागत होते मी, पण विरारमधला एकेक दुकानदार मला वेड्यात काढत होता. एक म्हणाला, "तसल्या काचा एअरपोर्टला लावतात, घराला नाही." म्हटलं, "समजा माझ्याकडे विमान उतरणार आहे, मग?" शेवटी कामण गावातल्या एका काचेच्या गोदामात हवी ती सापडली. दोन काचा, मध्ये बंद पोकळी, आणि बाहेरच्या काचेला आतून डोळ्याला न दिसणारा एक लेप. तिथल्या मॅनेजरने कागदावर दाखवलं, उजेड किती आत येतो ते वेगळं, उष्णता किती येते ते वेगळं. इतके दिवस सगळे मला या दोन गोष्टी एकच म्हणून विकत होते! मी वहीएवढा तुकडा मागून घेतला, एका बाजूला कंपनीचं स्टिकर असलेला.

नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला. "ही तर साधी पांढरी काच आहे. ऊन काय अडवणार, कप्पाळ?"

तेवढ्यात बाबा म्हणाले, "मला विचारू नका. पानाला विचारा."

विड्याची पानं आणली. बुटांच्या दोन खोक्यांना झरोके पाडले, एकावर काळी काच, दुसऱ्यावर कामणची, आत एकेक पान. खोकी उघड्या खिडकीत उन्हासमोर ठेवली. पाच वाजता पाहिलं तर दोन्ही पानं मलूल. नवरा इतका हसला की शेजारच्या वहिनी डोकावल्या. मी तणतणत कामणला फोन लावला. मॅनेजरने शांतपणे विचारलं, "स्टिकरची बाजू बाहेर ठेवलीत ना?"

नव्हती ठेवली. काच उलटी लावली होती मी!

दुसऱ्या दिवशी पुन्हा. यावेळी काळ्या काचेला हात लावला तर चटका बसला, मागचं पान लोळागोळा. कामणच्या काचेमागचं पान बाबांनी तळहातावर घेतलं, देठ खुडला आणि चुना मागितला. नवऱ्यानेच डबी आणून दिली.

खिडक्या बसवल्या त्या दिवशी मी कामगारांच्या डोक्यावर उभी होते. एकेक स्टिकर बाहेरच्या बाजूला आहे ना, बघितल्याशिवाय स्क्रू फिरवू दिला नाही.

पंधरा दिवसांत नोटीस आली, काच काढा, बाहेरून बिल्डिंग बिघडते. मी उलट कळवलं, दुपारी तीनला या आणि बोला. सेक्रेटरी आणि चेअरमन आले. मी पंखा मुद्दाम बंद ठेवला होता. अर्धा तास बसले, सरबत प्यायले, घामाचा थेंब नाही. तरी सेक्रेटरी म्हणाले, "ते सगळं खरं हो वहिनी, पण बाहेरून वेगळी दिसते."

मी तोंड उघडणार, एवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "बाहेरून तुम्ही बघता. मी आत बसतो."

दोघंही उठले. जाताना दुसरी नोटीस टीपॉयवर ठेवून गेले. मी ती पहिल्या नोटिशीसोबत ड्रॉवरमध्ये टाकली. तिसरी आली तर तिलाही जागा आहे, काच मात्र हलणार नाही.

दार लावून आले तर बाबा माडांकडे बघत होते.

"किती वाजले?"

"साडेतीन."

"मग अजून पुष्कळ दिवस आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची काचेच्या आणखी जवळ ओढून घेतली.